माझं नाव कुठल्या यादीत

ब्रूकवेल, अल्बर्टा
९ फेब्रुवारी

सान्ना,

आधी आभार मानते, मग भांडते.

तुझं पत्र अंड्यांच्या ट्रकमधून सुखरूप पोचलं. जोनासनं ते काउंटरवर ठेवलं, वर शेवयांची पिशवी ठेवली आणि "मी काही आणलेलं नाही, मला काही माहीत नाही" असं म्हणत इतक्या घाईनं सटकला की अंड्यांचे पैसे न्यायचे राहिले. जिथं सेंट न सेंट सगळ्यांच्या एकाच पेटीत जातो, त्या कॉलनीचा माणूस गिऱ्हाइकाकडे पैसे विसरतो म्हणजे पाकिटात काय भरलंय कोण जाणे, या धास्तीनं मी अर्धा तास ते फोडलंच नाही. मग पिशवी उघडली. कोंबडीच्या सुपात घालायच्या आपल्या शेवया, तू हातानं कापलेल्या, काही जाड काही बारीक. दुकानातच रडले गं. गिऱ्हाईक आलं तेव्हा म्हटलं, कांदा चिरत होते. बेकरीत कांदा कशाला, असं त्यानं विचारलं नाही. भला माणूस.

सव्वीस वर्षांत माझ्या थोरल्या बहिणीचं हे पहिलं पत्र. मी निघाले त्या दिवशी तू खिडकीत उभी होतीस. मी हात केला आणि तू पडदा ओढलास. तो पडदा मी तुला इतकी वर्षं माफ केला नव्हता, आता केला. तू माझं जाणं माफ केलंस असं पत्रात कुठंच नाही, पण शेवया पाठवल्यास, त्यावरून काय ते मी समजून घेते.

तुझं मुद्द्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत लिहून काढते, म्हणजे डोक्यात नीट बसेल. कॉलनीत एकशे बेचाळीस माणसं झाली, आता मावत नाहीत. उत्तरेला चार तासांवर जमीन घेतलीय. रिवाजाप्रमाणे दोन याद्या होणार, निम्मी निम्मी घरं. दोन्ही याद्यांनी घरदार बांधून ठेवायचं. जायच्या दिवशी सकाळी टोपीतून चिठ्ठी काढायची. जिची चिठ्ठी निघेल ती यादी ट्रकमध्ये चढणार, दुसरीनं आपली गाठोडी सोडायची. याद्या ईस्टरच्या आधी पक्क्या होतील. तुला माझं नाव तुझ्या नावाखाली घालायचंय, म्हणजे चिठ्ठी कुणाचीही निघो, आपण दोघी एकत्र राहू. इलायसही तयार आहे. तुझा नवरा म्हणून तो केव्हाच तयार झाला असता, पण कॉलनीचा उपदेशक म्हणून त्याची एक अट आहे. मी मंडळीसमोर गुडघे टेकून म्हणायचं की कॉलनी सोडली हे माझं पाप होतं. एवढं एक वाक्य. आणि मी नाही म्हटलं, तर यापुढे तू मला पत्र लिहायचं नाही.

सान्ना, तुझ्याशी अजून धड बोलणं सुरू झालेलं नाही, आणि ते बंद कधी होणार तेही तू कळवून टाकलंस!

हाताचं विचारलंस. काही विशेष नाही. गरम ट्रे लागला. उजवा हात बांधलाय, डाव्यानं लिहितेय, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायांचं. जोनासला म्हणावं, बातम्या कमी पोचव आणि अंडी न फुटलेली आण.

मला विचार करायला थोडे दिवस दे.

तुझी राहेल

२४ फेब्रुवारी

सान्ना,

शेवया संपल्या. मारितेसनं दोन वाट्या घरी नेल्या आणि तिच्या मुलांनी त्यात सोया सॉस घातला. तुला सांगू नये खरं तर.

मारितेस म्हणजे माझ्या बेकरीतली बाई. फिलिपिन्सची आहे. अकरा वर्षं माझ्याबरोबर भट्टीसमोर उभी आहे. मला ताई म्हणते आणि दिवसातून चारदा माझी अक्कल काढते. तुझं तिच्याशी चांगलं जमेल.

तू विचारतेस, बाहेर जाऊन शेवटी मिळालं काय? तू टोमणा म्हणूनच विचारलंयस, मला कळत नाही होय? पण मी खरं उत्तर देणार आहे.

आधी माझी फजिती ऐक. पहिली नोकरी ऑल्सेनबाईंकडे, याच बेकरीत; तेव्हा ती त्यांची होती, पुढे मी विकत घेतली. पहिल्या शुक्रवारी त्यांनी हातात पाकीट दिलं. आत पैसे. मी बाईंना 'आभारी आहे' म्हटलं आणि पैसे गल्ल्यात नेऊन ठेवले. मला वाटलं, दुकानात कमावलेलं दुकानाच्या पेटीत जायचं, दुसरीकडे कुठं जाणार? असं पाच शुक्रवार केलं. बाई बिचाऱ्या रोज संध्याकाळी गल्ला मोजायच्या, आणि दर शुक्रवारी तो जास्त भरायचा. यंत्र बिघडलं म्हणून माणूस बोलावला. शेवटी त्यांनी मला रंगेहाथ पकडलं. दुकानात पैसे ठेवताना पकडली गेलेली अल्बर्टातली पहिली चोर मी!

"अगं बाई, हे तुझे आहेत," त्या म्हणाल्या.

"माझे म्हणजे कुणाचे?" मी विचारलं.

त्या डोक्याला हात लावून पिठाच्या पोत्यावर बसल्या. मग त्यांनी दुकान बंद केलं, मला चहा पाजला आणि 'माझे' म्हणजे काय ते समजावलं. वय एकतीस होतं माझं, सान्ना. मला त्या दिवशी लाज वाटली नाही, आनंद झाला. असा आनंद की मी बाहेर जाऊन पिवळे बूट घेतले. मापाचे नव्हते. तरी दोन वर्षं घातले.

दुसरी फजिती शेजाऱ्यांची. आपल्याकडे कुणी दार वाजवत नाही, सरळ आत जातो आणि लागेल ते घेतो. मी शेजारच्या गॅरेजमधून शिडी आणली, परत नेऊन ठेवताना त्यांचं स्वयंपाकघर उघडं दिसलं म्हणून आत जाऊन भांडी घासून ठेवली. त्या माणसानं पोलिसांना फोन केला. पोलिसानं माझी हकीगत ऐकली आणि त्या शेजाऱ्याला विचारलं, "मग तक्रार नक्की काय लिहू? भांडी नीट घासली नाहीत?"

हसलीस ना? हसलीसच. आता ऐक.

मी का गेले ते तू कधी विचारलं नाहीस. लोक म्हणाले, पुरुषाच्या मागे गेली. कसला पुरुष! मला आतून कडी लागेल असं एक दार हवं होतं. बस. सकाळी सहाच्या घंटेला उठायचं, सगळ्यांबरोबर जेवायचं, वर्षाचं कापड वाटून दिलं जायचं त्याच रंगाचं शिवायचं. पोटाला कधी कमी पडलं नाही, आजारपणात कधी एकटी पडले नाही, हे खरं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस आणि तुला माझ्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागला नाही, हेही खरं, आणि त्याबद्दल मी कॉलनीचे आभार मानते, इलायसला आवडो न आवडो. पण एकदा तरी कुणीतरी म्हणावं, की ही गोष्ट राहेलनं केलीय आणि ती चांगली झालीय. आपल्याकडे चांगला पाव झाला तर खातात, वाईट झाला तरी खातात, आणि चांगला झाला असं म्हटलं की करणारीला गर्व होतो म्हणून म्हणत नाहीत. इथं आल्यावर तिसऱ्या वर्षी एक बाई मोटारीतून उतरली आणि म्हणाली, "तुझ्या राय धान्याच्या पावासाठी वीस मैलांवरून आलेय." वाटेत तिला तीन दुकानं होती गं! ती सोडून ती माझ्याकडे आली, कुणी सांगितलं म्हणून नाही, तिला हवं होतं म्हणून. त्या दिवशी मी जमिनीवर चालत नव्हते.

तू म्हणशील, हा गर्वच. असेल. पण त्या गर्वानं मी पहाटे उठले आणि चांगला पाव भाजला, सव्वीस वर्षं.

आणि पैशाला नावं ठेवताना जरा बेतानं. आत सगळं सगळ्यांचं, कबूल. पण फाटकाबाहेर डुकरं विकताना तुझा इलायस एक सेंट सोडत नाही, व्यापारी त्याला पाहून कपाळाचा घाम पुसतात. बाहेरचा बाजार आहे म्हणून आतला समाईक संसार चालतो, हे त्यालाही माहीत आहे. उपदेशात सांगत नाही एवढंच.

राहेल

१२ मार्च

सान्ना,

खोटं बोलले. हाताला ट्रे लागलेला नाही.

तुला जोनासकडून कळलंच होतं, आणि तरी तू हाताची चौकशी केल्यासारखं केलंस. म्हणजे दोघी सारख्याच. असो, आता नीट सांगते.

डिसेंबरातला रविवार. दुकान बंद. दुपारी जेवून उठले आणि उजवी बाजू माझी राहिली नाही. पडले ते स्वयंपाकघरात, टेबलाखाली. तोंडातून आवाज निघेना. फोन वर, मी खाली. आणि दाराला आतून कडी. माझी लाडकी कडी, जिच्यासाठी मी तुला सोडून आले.

सोमवारी सकाळी मी दुकानात आले नाही म्हणून मारितेस घरी आली. दार वाजवलं, हाका मारल्या. मला तिचं सगळं ऐकू येत होतं. शेवटी तिनं अग्निशमनवाल्यांना बोलावून दार तोडलं. मला पाहून ती रडली नाही, ओरडली: "ताई, मेलीस तर बघ, मी तुला जिवंत सोडणार नाही!"

सोळा तास पडले होते मी. कॉलनीत असते तर दहा मिनिटांत कुणीतरी न वाजवता आत आलं असतं, मीठ मागायला किंवा नुसतंच. टेबलाखाली पडल्या पडल्या मी हाच हिशेब करत होते. तुझं बरोबर आणि माझं चूक, असा. तुला हवं होतं ना हे ऐकायला? घे.

पुढचंही सांगते. मागच्या उन्हाळ्यात हायवेला मोठं सुपरमार्केट झालं. तिथं पाव इतका स्वस्त की तेवढ्यात माझं पीठही येत नाही. पहिला महिना गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, "तो कसला पाव, कापूस नुसता." दुसऱ्या महिन्यापासून तीच माणसं त्या पिशव्या घेऊन माझ्या खिडकीसमोरून मान फिरवून जाऊ लागली. त्यात ती वीस मैलांवरची बाई होती. तिचं तरी काय चुकलं? तिला हवं होतं म्हणून ती माझ्याकडे आली होती, तिला हवं होतं म्हणून तिकडे गेली. आपल्याला निवडलं की आपण नाचायचं आणि दुसऱ्याला निवडलं की बाजाराला शिव्या घालायच्या, असं करता येत नाही. पण झोंबलं. फार झोंबलं. कॉलनीत कुणी मला डोक्यावर घेतलं नसतं, पण कुणी टाकलंही नसतं.

एक गोष्ट मात्र तुझ्या आणि माझ्या दोघींच्या हिशेबात बसत नाही. दवाखान्यात पाच आठवडे होते. मशिनं, औषधं, चालायला शिकवणारी एक दांडगी पोरगी. निघताना मी घाबरत घाबरत नर्सला बिल विचारलं. ती म्हणाली, "तुमचं कार्ड दाखवलंत ना? मग जा घरी." मी दर वर्षी कर भरताना सरकारच्या नावानं बोटं मोडायचे. आता मोडायची म्हटली तरी उजव्या हाताची मोडत नाहीत. ते पैसे कुणाच्या तरी आजारपणाला जात होते आणि मला कधी त्याची आठवणही झाली नाही. या गावातल्या किती अनोळखी माणसांनी माझं दुखणं उचललं, कुणाकुणाचे आभार मानू? तुमच्याकडे मंडळी सांभाळते, दुकानात ज्याचं तो बघतो, आणि दवाखान्यात हे तिसरंच. तीन घरांचं अन्न खाऊन जगलेय मी. एकालाही नावं ठेवायला तोंड नाही.

आता मुद्दा. उजवा हात कणीक मळायचा नाही, डॉक्टर स्पष्ट म्हणाले. पायाला काठी लागते. वय सत्तावन्न. तुझ्या स्वयंपाकघरात बसून मी शेंगा निवडू शकते, पोरांना गोष्टी सांगू शकते. कुणी मला विचारणार नाही की तुझा उपयोग काय. आणि तू असशील.

घाल माझं नाव. पेन्सिलीनं.

राहेल

२९ मार्च

सान्ना,

नाव खोड.

थांब, पत्र फेकून देऊ नकोस. काय झालं ते तरी ऐक.

मी मनापासून तयारी करत होते. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हटलं सराव करून बघू. काउंटरमागे गुडघे टेकले. आधीच डावा गुडघा कुरकुरतो, उजवा ऐकत नाही. टेकले कशीबशी आणि ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं. निघेना. आजारानं नव्हे, बोलणं आता साफ झालंय. 'कॉलनी सोडली हे माझं' इथपर्यंत यायचं आणि पुढचा शब्द यायचाच नाही. चार वेळा म्हटलं. मग उठायला गेले तर उठता येईना.

मारितेस मागच्या दारानं आली. "काय हरवलं?"

"काही नाही. उठव."

"आधी सांग."

सांगितलं. तिला कॉलनी, याद्या, चिठ्ठी, सगळं समजावून सांगताना माझी दमछाक झाली. आणि मी तशीच गुडघ्यांवर, ती कमरेवर हात ठेवून उभी.

"म्हणजे तू इथं आलीस ते पाप?" ती म्हणाली. "मग मी कोण गं? पापाची नोकर?"

"तसं नाही मारितेस."

"तसंच आहे. मी या देशात आले तेव्हा तीन ठिकाणी राबले. मालक लोकांनी पासपोर्ट दाबून ठेवला, जादा कामाचे पैसे बुडवले. तू पहिल्याच महिन्यात मला स्वतःइतका पगार दिलास. मी तुला म्हटलं होतं, 'ताई, मालकीण तू आहेस, तू जास्त घ्यायचं असतं, डोक्यावर पडलीस काय?' तू काय म्हणालीस आठवतं? 'दोघी तेवढाच वेळ उभ्या राहतो ना?' त्या पैशांतून मी पोरांना इकडे आणलं. आता तू त्या लोकांसमोर जाऊन म्हण की सगळं चुकलं. म्हण! मी उचलत नाही तुला."

आणि खरंच उचललं नाही. मी काउंटरला धरून स्वतः उठले. आजारानंतर पहिल्यांदा. तेव्हा कुठं ती रडली.

सान्ना, समान पगार मी कुठं शिकले? ऑल्सेनबाईंकडे नाही. बाजारात तर नाहीच, तिथं लोक मला वेडी म्हणायचे. ते तुझ्याकडे शिकले, कॉलनीत, जिथं डुकरं सांभाळणाऱ्याला आणि उपदेशकाला एकाच मापाचं कापड मिळतं. पण ते मी इथं करू शकले, कारण इथं गल्ला माझा होता आणि त्याचं काय करायचं ते ठरवायला मला कुणाची परवानगी लागली नाही. दोन्ही लागलं गं. एक नसतं तर दुसऱ्याचा उपयोग नव्हता. मग यातलं पाप कुठलं म्हणून सांगू? गुडघे टेकायला माझी ना नाही. आभार मानायला सांग, मी दिवसभर गुडघ्यांवर राहते, उठता आलं नाही तरी चालेल. पण देवासमोर खोटं बोलायचं आणि त्या खोट्यावर तुझ्याशेजारची खुर्ची घ्यायची, हे माझ्यानं होणार नाही. तू वाढवलेली पोर आहे मी. खोटं बोलल्यावर तू माझे कान किती पिळायचीस!

माझी काळजी करू नकोस. मारितेस आता दुकान चालवणार, मालकीण तीच. सुपरमार्केटशी पावावर भांडायचं नाही असं तिनं ठरवलंय. ती तिच्या गावचे गोड बन करते, ते तिथं मिळत नाहीत, आणि गिऱ्हाईक दाराबाहेर उभं राहतंय. मी आता दुकानावरच्या खोलीत राहते आणि दुपारी गल्ल्यावर बसते. पगार किती विचारलं तर म्हणाली, "दोघी तेवढाच वेळ बसतो ना?" आणि दाराच्या आतल्या कडीचा निकाल तिनं लावला, स्क्रूसकट उपटून नेली.

तू आता लिहायचं नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून जे राहिलं होतं ते लिहून टाकते. तुझी मला सव्वीस वर्षं रोज आठवण आली. ईस्टरला जास्त. तू माझं नाव तुझ्या नावाखाली लिहिलं होतंस, तेवढे सतरा दिवस का होईना, त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. कुणी माझ्यासाठी इतकं केलेलं नाही.

राहेल

४ मे

सान्ना,

हे पत्र नव्या कॉलनीच्या पत्त्यावर पाठवतेय. तू उत्तर द्यायचं नाही हे ठरलेलं आहे, पण मी लिहायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही. गुरुवारी तू स्वयंपाकघरात होतीस, म्हणून जेवणाच्या खोलीत काय झालं ते तुला दिसलं नाही. ते तुला कळायला हवं.

जोनासचा फोन आला सकाळी आठला. "राहेल, नव्वद पाव आहेत का?" मी म्हटलं, कुणी मेलं की काय? तर म्हणाला, चिठ्ठी निघाली, सान्नाची यादी जाणार, आणि जेवायला काही नाही. मला आधी कळेचना. मग कळलं आणि हसू आवरेना. दोन्ही याद्यांच्या बायकांनी सामान बांधताना स्वयंपाकघर आपलंच समजून बांधलं! पावाचे साचे एका यादीच्या पेटीत खाली, पीठ दुसऱ्या यादीच्या ट्रकमध्ये मागे, मोठी पातेली कुठल्या गाठोड्यात ते कुणालाच ठाऊक नाही. एकशे बेचाळीस माणसं, आणि टेबलावर लोणचं. आणि एवढ्या सगळ्यांची मुख्य स्वयंपाकीण कोण, तर तू! सान्ना, तुझ्या हातून असं झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला कळलं की तुझं चित्त ठिकाणावर नाही, आणि का नाही तेही कळलं.

मारितेसनं दुकान बंद केलं. होते नव्हते ते पाव, तिचे गोड बन, सगळं गाडीत भरलं आणि आम्ही निघालो. सव्वीस वर्षांनी मी त्या फाटकातून आत आले, तेही काठी टेकत.

तुझा इलायस अंगणातच उभा होता, पैसे मोजून तयार. मला पाहून त्याचे डोळे भरले आणि लगेच कडक झाले. "किती झाले?" म्हणाला.

मी म्हटलं, "काही नाही."

"बाहेरच्यांकडून फुकट घेता येत नाही राहेल. घे."

"डुकरांच्या व्यापाऱ्यांना सांगून बघ, इलायस पैसे घ्या म्हणून मागे लागलाय. कुणाचा विश्वास बसणार नाही."

"थट्टा नको. मंडळीचा नियम आहे."

"मग नका घेऊ. गाडीत राहू दे, थंड होईल."

मारितेस मधे पडली. "दुकान माझं आहे," ती म्हणाली. "ताई नोकर आहे. पैसे घ्यायचे की नाही ते मी ठरवणार, आणि मी नाही म्हणते." आणि इलायस? आयुष्यभर समाईक मालमत्तेचा उपदेश केलेला माणूस, नोटा हातात घेऊन एका दुकानदारणीच्या विनवण्या करतोय, आणि दुकानदारीण ऐकत नाही!

तेव्हा तू ॲप्रन बांधून दारात आलीस. माझ्याकडे पाहिलंस आणि फक्त म्हणालीस, "आधी पाव आत आणा. मग भांडा." आणि आत निघून गेलीस. तुझा आवाज फाटला होता.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं तुला माहीत नाही.

मी आणि मारितेस पाव टेबलांवर ठेवून दाराशी उभ्या राहिलो. म्हटलं, प्रार्थना झाली की निघू. बायकांच्या बाजूला सगळ्या आपापल्या जागी बसल्या होत्या, वयाप्रमाणे, थोरल्या भट्टीकडून सुरू आणि धाकट्या दारापर्यंत. सोळाव्या वर्षापासून जिच्याशेजारी जी बसते तिच्याशेजारीच ती म्हातारी होते. मारितेसला मी हेच कानात सांगत होते.

तेवढ्यात रिबेका, बायकांतली सगळ्यात थोरली, मारितेसला म्हणाली, "मुली, तुझं वय किती?"

"एक्केचाळीस," मारितेस दचकून म्हणाली.

"जूनच्या आधीची की नंतरची?"

"ऑगस्ट."

"मग तू तिथं." रिबेकानं बोट दाखवलं. दोघीतिघी उठल्या, जागा झाली, मारितेस बसली आणि तिच्यापुढे लोणच्याची वाटी आली. ती माझ्याकडे वळून बघत होती, तूही ये म्हणून.

मी अजून दाराशीच होते, काठीवर. मला कुणी काही विचारलं नाही. वय विचारलं नाही, महिना विचारला नाही. कुणी इलायसकडे पाहिलंही नाही. माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी युस्टिना भट्टीकडे सरकली, आणि माझ्याहून पाच आठवड्यांनी लहान लेया दाराकडे सरकली.

राहेल